‘यथावकाश’ नको, तारीख द्या : संशोधन समूहातील कुलगुरू आणि संचालकांना खुले पत्र

माननीय कुलगुरू आणि संचालक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपण सर्वांनी मिळून संशोधन समूह स्थापन केल्याची बातमी वाचली आणि मला मनापासून आनंद झाला. विद्यापीठे आणि संशोधन संस्था एकमेकांच्या प्रयोगशाळा वापरणार, महागडी यंत्रे प्रत्येकाने वेगळी घेण्याऐवजी वाटून वापरणार, विद्यार्थ्यांना एका संस्थेचे श्रेयांक दुसऱ्या संस्थेत मिळवता येणार. ती बातमी मी एम.एस्सी.च्या वर्गात वाचून दाखवली. आठ दिवसांनी प्राचार्यांनी आमच्या ग्रुपवर परिपत्रक टाकले. त्याच्या शेवटच्या पानावर होते की या सुविधा सध्या सदस्य संस्थांपुरत्या राहतील आणि संलग्न महाविद्यालयांच्या सहभागाचा निर्णय ‘यथावकाश’ होईल.

हा शब्द मी चोवीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ कागदांवर वाचला आहे. त्याच्यापुढे कधी तारीख आल्याचे मला आठवत नाही. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे. आपल्यापैकी कुणाचेही नाव मी यात घेतलेले नाही, कारण ज्या अडचणी मी मांडणार आहे त्या एखाद्या संस्थेच्या नाहीत. आमच्यासारख्या महाविद्यालयांकडे पाहण्याची जी रीत पडून गेली आहे, तिच्यातून त्या आल्या आहेत.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आमची मुले हळद, सोयाबीन आणि कापूस पिकवणाऱ्या घरांतली. बऱ्याच घरांत पदवीपर्यंत पोचलेले हे पहिलेच माणूस. विभागातली निम्मी पदे रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावरचे सहकारी ती उणीव जिवाच्या कराराने भरून काढतात. राज्यात साडेचार हजारांहून अधिक महाविद्यालये आहेत आणि महाराष्ट्रातली बहुसंख्य मुले विद्यापीठाच्या आवारात नव्हे, अशाच महाविद्यालयांत शिकतात.

मागच्या वर्षीची एक गोष्ट सांगते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात पदव्युत्तरच्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प सक्तीचा झाला आहे. तिसऱ्या सत्रात ४ श्रेयांक, चौथ्यात ६. माझ्या एका विद्यार्थिनीने कोबाल्ट फेराइट या चुंबकीय पदार्थात थोडे थोडे जस्त मिसळत गेले तर त्याचे गुणधर्म कसे बदलतात, हे पाहायचे ठरवले. नायट्रेटे तोलून घ्यायची, सायट्रिक आम्ल घालायचे, अमोनियाचा एकेक थेंब सोडत सामू (पीएच) सातवर आणायचा आणि हॉट प्लेटवर तासन्‌तास ढवळत बसायचे. पाणी आटत जाते, मधासारखा चिकट जेल होतो, तो फुगतो आणि एका कडेने अचानक पेट घेतो. लाल ठिणगी सरकत सरकत भांडेभर फिरते आणि मागे काळपट, पिसासारखी हलकी भुकटी उरते. ती खलायची आणि मफल फर्नेसमध्ये ६०० अंशांना चार तास भाजायची. सहा नमुने करायला तिला अडीच महिने लागले, कारण दुपारी वीज गेली की भट्टी मध्येच थंड पडायची आणि तो नमुना पुन्हा पहिल्यापासून करावा लागायचा.

सहा छोट्या कुप्या, प्रत्येकीवर पेनाने लिहिलेले जस्ताचे प्रमाण, प्राचार्यांचे पत्र, बोनाफाइड, शुल्काची पावती एवढे घेऊन ती पहाटे साडेचारच्या एसटीने विद्यापीठात गेली. बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे म्हणून वडिलांनी तिला दोनदा पाठवले. पहिल्या खेपेला एक्सआरडीचे, म्हणजे क्ष-किरणांनी पदार्थाची स्फटिकरचना तपासणारे, यंत्र बंद होते. देखभालीचा करार संपला होता आणि नव्या कराराची फाइल लेखा विभागात होती. दुसऱ्या खेपेला यंत्र चालू होते, पण आधी आतल्यांचे नमुने आणि मग बाहेरच्यांचे. त्याच विद्यापीठाची परीक्षा देणारी, त्याच विद्यापीठाला परीक्षा शुल्क भरणारी, त्याचीच पदवी घेणारी ही मुलगी तिथल्या दरपत्रकात ‘बाहेरील संस्था’ या रकान्यात होती. दर आतल्यांच्या जवळजवळ तिप्पट.

तिचे आलेख आले ते प्रबंध जमा करून सोळा दिवस झाल्यावर. मधल्या काळात तिला कुणीतरी सुचवले होते, की इंटरनेटवरून कुणाचा तरी आलेख उचल, शिखरे तीच येतात, कोण बघणार आहे. तिने तसे केले नाही. निष्कर्षांच्या प्रकरणात तिने लिहिले की यंत्र उपलब्ध न झाल्यामुळे मापन होऊ शकले नाही. बहिःस्थ परीक्षकांनी गुण कापले, आणि त्यांच्या जागी असते तर मलाही कापावेच लागले असते. नंतर आम्ही दोघी ते आलेख टेबलावर पसरून बघत बसलो. पस्तीस अंशांच्या जरा पुढे सर्वांत उंच शिखर, आणि जस्त वाढेल तसतसे ते किंचित डावीकडे सरकलेले. अगदी जसे सरकायला हवे तसे. तिचे काम बरोबर होते. ते तिला वेळेवर कुणी सांगितले नाही.

संशोधन सक्तीचे करायचे आणि मोजण्याचे साधन द्यायचे नाही, याचा परिणाम काय होतो हे आपल्याला माहीत आहे. प्रत्येक मूल त्या मुलीसारखे ठाम राहत नाही. उसने आलेख, तयार प्रबंध, विकत मिळणारे निष्कर्ष हे सगळे याच फटीतून आत येते आणि एकदा ते जमले की वयाच्या बाविसाव्या वर्षी पोराला कळते की असेच चालते. मला याचे फार वाईट वाटते.

आणि हे आपल्या देशाला चाळीस वर्षांपूर्वी कळलेले होते. एकेका विद्यापीठाला मोठी यंत्रे परवडणार नाहीत, मग सर्वांसाठी मिळून ती एकाच जागी उभी करावीत, या विचाराने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती झाली आणि आंतरविद्यापीठ केंद्रांचा मार्ग मोकळा झाला. दिल्लीत कणत्वरकाचे, म्हणजे अणूंच्या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राचे, केंद्र उभे राहिले. १९८८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था सुरू झाली. अणुऊर्जा विभागाच्या मोठ्या सुविधा विद्यापीठांतल्या लोकांना वापरता याव्यात म्हणून इंदूरला मुख्यालय असलेले केंद्र निघाले. मुंबईच्या ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी आणि इंदूरचे इंडस सिंक्रोट्रॉन (अतिशय प्रखर क्ष-किरण देणारे यंत्र) त्यामुळे विद्यापीठांच्या आवाक्यात आले. या सगळ्यामागे कल्पना एकच होती. ज्याच्याकडे काही नाही त्याने यावे आणि काम करावे.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी शिक्षकांच्या एका कार्यशाळेसाठी आयुकात गेले होते. चौकातल्या कुंडाभोवती न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट यांचे पुतळे आहेत, त्यांच्यापाशी उभे राहून आम्ही चार जिल्ह्यांतल्या चार शिक्षकांनी फोटो काढला. रात्री ग्रंथालयात बसले. मी कुठल्या महाविद्यालयातली, माझे पद काय, हे मला तिथे कुणी विचारले नाही. कोणते पुस्तक हवे आहे, एवढेच विचारले. परत आल्यावर मी जे शिकवले ते त्याआधी शिकवत होते त्यापेक्षा वेगळे होते. माझ्या आजच्या मागणीच्या मुळाशी ते चार दिवस आहेत.

एकत्र येण्याने काय होते याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. वर्षातून दोनदा जगभरातून निरीक्षणांचे प्रस्ताव मागवले जातात आणि विषयाच्या गुणवत्तेवर वेळ दिला जातो. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये, टाळेबंदीच्या त्या धास्तीच्या दिवसांत, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेने आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने फरीदाबाद आणि वेल्लोरच्या संस्थांना आणि महापालिकेला बरोबर घेऊन पाच प्रभागांतल्या १,६६४ लोकांच्या रक्ताची तपासणी केली आणि ५१.५ टक्के लोकांत कोरोनाची प्रतिपिंडे असल्याचे दाखवून दिले. कोण आतले आणि कोण बाहेरचे हे ठरवत बसले असते तर ते काम तीन आठवड्यांत झाले नसते.

आता तर आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. २,६०० कोटी रुपयांचा प्रकल्प, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचा बांधकाम विभाग असे चौघे मिळून तो उभा करणार आहेत. माझ्या वर्गातली दोन मुले त्या रस्त्याने रोज ये-जा करतात. गुरुत्वीय लहरी शिकवताना एकाने विचारले, “मॅडम, तिथं आपल्याला काम भेटंल का?” मी हो म्हणाले. व्हॅक्यूम, लेसर, इलेक्ट्रॉनिक्स, कंपनांचे मोजमाप जाणणारे हात तिथे लागणार आहेत. पण ज्या मुलाने महाविद्यालयात धड चालणारा व्हॅक्यूम पंप पाहिला नाही, त्याला मी कोणत्या आधारावर हो म्हणाले, हे त्या रात्री मला सुचेना.

आता तक्रारी स्पष्ट मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार त्या ‘बाहेरील’ शब्दाची आहे. संलग्न महाविद्यालय विद्यापीठाच्या बाहेर कसे? अभ्यासक्रम आपला, परीक्षा आपली, पदवी आपली, संलग्नीकरणाचे शुल्क दरवर्षी आपल्याकडे जमा. यंत्राचा प्रश्न आला की मात्र आम्ही परके. समूह झाल्यावर हे सुधारेल असे वाटले होते. उलट आता एका विद्यापीठाच्या जागी अनेक संस्थांच्या दारांवर तीच पाटी लागणार आहे.

दुसरी सामंजस्य करारांची. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषात चालू करार मोजले जातात, म्हणून ते होतात. आमच्या महाविद्यालयाच्या कपाटात असे सात करार आहेत. प्रत्येकात फाइल देता-घेतानाचा फोटो आहे, शाल आहे, पाच वर्षांची मुदत आहे. त्यांतल्या एकाही करारामुळे एकाही विद्यार्थ्याचा एकही नमुना मोजून झालेला नाही. यात आमच्याकडचीही चूक आहे, सही झाल्यावर पाठपुरावा आम्हीही केला नाही, हे मी मान्य करते.

तिसरी, यंत्र कुठे आहे हे कळते पण ते मिळत नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने आय-स्टेम हे संकेतस्थळ त्यासाठीच सुरू केले. यादी सापडते. पुढे फोन लावला की ऑपरेटर नाही, यंत्र बिघडले आहे किंवा दोन महिने तारीख नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या विश्लेषण सुविधा मुंबईला आयआयटीत, नागपूरला आणि कोल्हापूरला आहेत. मराठवाड्यातून तिन्ही लांब.

चौथी लहान आहे, पण मनाला लागणारी आहे. आमच्या मुलांनी तयार केलेले नमुने मोठ्या प्रयोगशाळेत मोजले गेले आणि शोधनिबंध निघाला, तर आमच्या मुलांची नावे कधी कधी लेखकांत नसतात. ती शेवटी आभारात येतात. सगळीकडे असे होते असे मी म्हणत नाही. माझ्या बाबतीत दोनदा झाले.

पाचवी आपल्या रचनेबद्दल. संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या नव्या योजनेत एक पुढारलेली संस्था मध्ये आणि तिच्याभोवती इतर विद्यापीठे, अशी चाकासारखी मांडणी आहे. आपल्या समूहानेही तोच आराखडा घेतला आहे. माझे आजोबा सुतार होते, बैलगाडीची चाके करायचे. चाकाला तुंबा असतो, आरे असतात आणि सर्वांत बाहेर लोखंडी धाव असते. दगडगोट्यांवर घासते ती धाव. ती न चढवता गाडी जुंपली तर पहिल्याच नांगरटीच्या वावरात चाक खिळखिळे होते. आपल्या आराखड्यात तुंबा आहे, आरे आहेत. महाविद्यालये कुठेच नाहीत.

आपली अडचण मला कळत नाही असे नाही. ही यंत्रे नाजूक आहेत. द्रव हेलियम महाग आहे. शिकाऊ हाताने एक नमुना चुकीचा बसवला तर महिनाभर यंत्र बंद पडू शकते. शेकडो महाविद्यालयांनी एकदम नमुने पाठवले तर रांग आवरणार नाही, आणि तंत्रज्ञांच्या जागा आपल्याकडेही भरलेल्या नाहीत. हे सगळे खरे आहे. पण मुलांना यंत्राला हात लावू द्या असे मी म्हणतच नाही. नमुना टपालाने येऊ दे, आपल्या तंत्रज्ञाने मोजू दे, आकडे ईमेलने जाऊ देत. साध्या एक्सआरडीला एका नमुन्यामागे फार तर तासभर लागतो.

देखभालीचे म्हणाल तर त्याचा उपाय समूहाच्याच हातात आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ पाहा. संशोधन नियतकालिकांसाठी वर्षानुवर्षे प्रत्येक संस्था प्रकाशकांशी वेगळी घासाघीस करत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले, ६,३०० हून अधिक संस्थांसाठी ३० प्रकाशकांशी एकदम व्यवहार झाला आणि सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली. मग एकाच कंपनीचे एक्सआरडी पाच संस्थांत असेल तर देखभालीचे पाच करार कशासाठी? समूहाने एकच करार करावा. एकाकडचे यंत्र बंद पडले तर नमुने दुसरीकडे वळवावेत. माझ्या विद्यार्थिनीची पहिली खेप फुकट गेली ती लेखा विभागात अडकलेल्या एका फाइलमुळे.

आमच्या मागण्या अशा :

१. परिपत्रकातला ‘यथावकाश’ हा शब्द काढून तिथे तारीख लिहावी. येत्या शैक्षणिक वर्षाच्या तिसऱ्या सत्राआधीची.

२. समूहातील कोणत्याही विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयाचा विद्यार्थी समूहातील प्रत्येक संस्थेत ‘आतला’ धरला जावा. दर एकच. सक्तीच्या संशोधन प्रकल्पातल्या मुलांना ठरावीक संख्येपर्यंत नमुने विनाशुल्क मोजून मिळावेत. संख्या आपण ठरवा. मुलामागे पाच म्हणालात तरी आम्ही समाधानी आहोत.

३. आठवड्यातला एक दिवस प्रत्येक मोठ्या यंत्रावर महाविद्यालयांसाठी राखीव असावा, आणि नमुना पोचल्यापासून तीस दिवसांत निकाल कळवण्याची जबाबदारी एका नाव असलेल्या अधिकाऱ्यावर असावी. ‘संबंधित विभाग’ असे लिहू नये.

४. यंत्रांच्या देखभालीचा आणि तंत्रज्ञांचा भार समूहाने एकत्र उचलावा. कोणते यंत्र चालू आहे, कोणते बंद आणि कधीपासून बंद, हे दर सोमवारी जाहीर करावे.

५. ज्याने नमुना केला त्याचे नाव लेखकांत असावे, हे समूहाच्या नियमावलीत लिहावे. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकालाही प्रस्ताव पाठवण्याचा हक्क असावा. आमच्या विभागात नवे विषय सुचवणारे तेच आहेत.

६. समूहाच्या कार्यकारी समितीत महाविद्यालयीन शिक्षकांचे दोन प्रतिनिधी असावेत, आणि त्यांतला किमान एक तालुक्याच्या गावातला असावा.

या मागण्यांसाठी नवी इमारत बांधायची नाही, नवे यंत्र घ्यायचे नाही. फक्त दरपत्रकातला एक रकाना बदलायचा आहे आणि आठवड्याचे वेळापत्रक नव्याने लावायचे आहे. आमच्या बाजूने आम्ही काय करू तेही सांगते. नमुना कसा तयार करायचा, किती पाठवायचा, लेबल कसे लावायचे याची मराठीतली पुस्तिका आम्ही चार महाविद्यालयांच्या शिक्षकांनी लिहायला घेतली आहे. अर्धवट किंवा निष्काळजीपणे केलेला नमुना आपल्याकडे येणार नाही, याची हमी विभागप्रमुखाच्या सहीने देऊ. आपल्या तंत्रज्ञांनी वर्षातून एकदा आमच्याकडे यावे. राहण्या-जेवणाची सोय आमच्या घरी.

यंदा माझ्याकडे सात मुले प्रकल्प करताहेत. दोघांचे नमुने तयार आहेत. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवले आहेत, नाहीतर ओल धरतात. चौथ्या सत्राचे प्रबंध एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जमा करायचे आहेत. हे नमुने कोणत्या पत्त्यावर पाठवायचे, एवढे आपण जाहीर परिपत्रकाने कळवावे. म्हणजे माझ्यासारख्या इतर महाविद्यालयांतल्या शिक्षकांनाही तोच पत्ता वापरता येईल.

कळावे,

आपली नम्र,
भौतिकशास्त्राची एक प्राध्यापिका
जिल्हा हिंगोली